फुकटचे तीन महिने

या आषाढी पौर्णिमेला सकाळी चहा घेताना फोन उघडला, तर दोन पत्रं येऊन पडली होती. दोन्ही गाण्यांच्या अ‍ॅपकडून. एकाने लिहिलं होतं की सुजाता, तुमच्याशिवाय करमत नाही. दुसरं जरा मानी निघालं. त्याने करमण्याबिरमण्याची भाषा न करता नुसतं कळवलं होतं की परत याल तर एक महिना पुन्हा फुकट. आपण नकार दिलेल्या स्थळाने वर्षभराने परत निरोप धाडावा, तसं मला ते वाटलं आणि हसू आलं.

मी गणिताची शिक्षिका. पेपर तपासून, गुण देऊन, निकाल लावून झाला की तो गठ्ठा मी पुन्हा सोडत नाही. रडत आलेल्या मुलांच्या आयांनाही मी बधत नाही, असं शाळेत माझ्याबद्दल बोललं जातं. तरी ती दोन पत्रं मी पुसली नाहीत. चहा गार होईपर्यंत फोन हातात धरून बसले, आणि गेल्या वर्षीचे ते तीन महिने त्या पत्रांच्या मागून घरात आले.

संध्याकाळी कॉलनीतल्या विहारात ग्रंथवाचन सुरू झालं. पावसाळ्यात भिक्खूंनी फिरती थांबवायची आणि एका जागी मुक्काम करायचा, ही फार जुनी रीत. तो वर्षावास. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत, तीन महिने. आम्ही संसारी माणसं, आम्ही कुठे फिरतीवर असतो? म्हणून आम्ही आपलं रोज संध्याकाळी तासभर विहारात बसतो. एक जण ग्रंथ वाचतो, बाकीचे ऐकतात. पांढऱ्या साड्या, दारात निथळणाऱ्या छत्र्यांची रांग, मेणबत्तीचा आणि भिजलेल्या चपलांचा मिळून एक वास. यंदा वाचायला कॉलेजातली एक मुलगी आहे. आवाज गोड, पण तिला पुढे क्लास असतो, त्यामुळे शेवटचं अर्धं पान ती अक्षरशः पळत वाचते. मला अशा वेळी मान वळवून मागे बघायची सवय लागली आहे, शेवटच्या रांगेत कोणी बसलंय का, त्यांना कळतंय का. ही सवय माझी नव्हे. ती आप्पांकडून आली.

आप्पा म्हणजे माझे वडील. रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होते, सगळी नोकरी इगतपुरीत काढली आणि निवृत्तीनंतरही तिथलं घर सोडलं नाही. आई जाऊन सहा वर्षं झाली होती आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ते एकटेच राहत होते. इगतपुरीचा पाऊस ज्याने काढला आहे त्याला सांगायला नको. भिंतीवर हात ठेवला की तळवा ओला होतो, मिठाच्या बरणीत पाणी होतं, दोरीवरचे कपडे चार दिवसांनीही वाळत नाहीत, नुसते आंबट वास मारतात. त्या ओलीने आप्पांची छाती धरली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पावसाळा तिथे काढू नका, आणि खरं तर या वयात एकटे राहूच नका. आप्पांनी त्यातलं पहिलं वाक्य ऐकलं. दुसरं ऐकू आलं नाही असं दाखवलं. कान त्यांचे माझ्यापेक्षा चांगले आहेत.

तर गेल्या वर्षी आषाढी पौर्णिमेच्या दोन दिवस आधी माझा नवरा मिलिंद जाऊन त्यांना नाशिकला, आमच्या इंदिरानगरच्या फ्लॅटवर घेऊन आला. दारात छत्री झटकतानाच आप्पांनी मुदत सांगून टाकली.

"तीन महिने राहतो. वर्षावास संपला का निघायचं असतं."

मला त्यांना परत जाऊ द्यायचं नव्हतं. हे मी इथे सरळ लिहून टाकते, कारण त्या तीन महिन्यांत मी ते एकदाही सरळ बोलले नाही. आई गेली तेव्हा एकदा हट्ट धरला होता की आता इथेच राहायचं. त्यावर ते रागावले नाहीत, पण पुढे दोन महिने फोनवर "बरं हाय" यापलीकडे एक शब्द बोलले नाहीत. त्यामुळे या वेळी मी तोंड बंद ठेवायचं ठरवलं होतं. माझ्या वर्गातल्या मुलांना हे वाचून आश्चर्य वाटेल.

आता मिलिंदबद्दल. हा विम्याच्या कचेरीतून त्याच वर्षी निवृत्त झाला होता. निवृत्त माणसं कुंड्यांत मिरच्या लावतात, सकाळी टेकडीवर जातात. मिलिंदने एक अँप्लिफायर घेतला, दोन स्पीकर घेतले, आणि इंटरनेटवरची गाणी ओढून त्या अँप्लिफायरला देणारा पुस्तकाएवढा एक काळा डबा घेतला. हॉलमधला सोफा हलला. टीपॉय गॅलरीत गेला. टेप घेऊन, जमिनीवर खडूने खुणा करून त्याने दोन स्पीकर आणि एक खुर्ची यांचा समभुज त्रिकोण बसवला आणि गणिताची बाई म्हणून मला पाहायला बोलावलं. त्रिकोण अगदी बरोबर होता. फक्त त्यात एकच माणूस बसू शकत होता, आणि तो कोण हे विचारायची गरज नव्हती.

एवढं सगळं घेतल्यावर त्यात वाजवायचं काय, हा पुढचा प्रश्न. फोनवर आपण फुकट ऐकतो ती गाणी म्हणे दाबून लहान केलेली असतात. साध्या फोनवर ते खपून जातं, चांगल्या स्पीकरवर उघडं पडतं. पूर्ण दर्जाची गाणी देणारी तीन अ‍ॅप त्याने हेरून ठेवली होती आणि तिन्ही पहिला महिना फुकट देत होती. एकेक महिना एकेक ऐकायचं आणि आश्विनापर्यंत त्यातलं एक कायमचं घ्यायचं, असा बेत ठरला. पहिल्या दोन्हींची नोंदणी माझ्या नावाने झाली. मी वहीचं एक पान आखून दिलं. आवाज, संग्रह, सोय. प्रत्येकाला दहा गुण. परीक्षक तिघं: मिलिंद, मी आणि आप्पा. आप्पांचं नाव मी मुद्दाम घातलं. हाताला काम असलेला माणूस जायची घाई करत नाही, असा माझा आडाखा होता.

तसा आप्पांचा अधिकारही होता. शेडमधली नोकरी सांभाळून त्यांनी कितीतरी वर्षं लाऊडस्पीकर भाड्याने दिला. एक मशीन, म्हणजे अँप्लिफायर, दोन कर्णे आणि दोन माइक, एवढा संसार. लग्न, जयंती, शाळेचं गॅदरिंग, सगळीकडे तो जायचा. पावसाळ्यात मात्र तो विहारात असे, वर्षावासाच्या वाचनासाठी, आणि त्याचं भाडं आप्पांनी कधी घेतलं नाही. आमच्या वस्तीचा विहार म्हणजे पत्र्याची एक खोली. आत वीस माणसं दाटीवाटीने मावत. बाकीची भातलावणी उरकून उशिरा परतणारी. पत्र्यावर पाऊस असा कोसळायचा की आतल्या माणसाला शेजारच्याचं ऐकू येत नसे, पण बांधावरून इरलं पांघरून येणाऱ्या बाईला ग्रंथातला शब्द कळला पाहिजे, हा आप्पांचा हट्ट.

त्यासाठी ते मशीनजवळ थांबतच नसत. वाचन सुरू झालं की छत्री घेऊन निघत आणि आवाज जिथे पुसट होतो तिथे जाऊन उभे राहत. परत येऊन कर्णा बोटभर फिरवत आणि पुन्हा जात. त्या धंद्यातली बाकीची माणसं मशीनच्या उबेला बसून बटणं पिळत. आप्पांचं निम्मं काम पायांनी होई. घरी आले की मशीन पुसून चुलीपासून हातभर लांब ठेवायचे, माइक धुतलेल्या रुमालात गुंडाळायचे, आणि मगच स्वतःचे केस पुसायचे. तापलेल्या मशीनचा तो धुळकट, उबदार वास मला अजून मधूनच आठवतो. वर्गात पंखा जळायला आला की तसाच वास येतो आणि सगळी मुलं ओरडत असताना मी क्षणभर खूश होते.

पहिल्या रविवारी मिलिंदने आप्पांना मानाने त्या खुर्चीत बसवलं. इथून दोन्ही स्पीकर सारखे येतात मामा, डोळे मिटून ऐका, असं सांगितलं आणि सतार लावली. बाहेर पाऊस रिपरिपत होता. खाली कोपऱ्यावर हरसूलकडच्या बायका रानभाज्या घेऊन बसल्या होत्या, मी नुकतीच कुर्डू आणि करटुली आणून स्वयंपाकघरात निवडत होते. आप्पांनी अर्धा मिनिट डोळे मिटले, मग उठून माझ्याजवळ येऊन उभे राहिले. तिथून गॅलरीत गेले. तिथून चपला घालून जिन्यात. मिलिंद रिकाम्या खुर्चीमागे हात बांधून उभा. दोन मजले उतरून, चढून, धापा टाकत आप्पा परत आले आणि त्यांनी निकाल दिला की चांगलं हाय, पण जिन्यात तार कळत नाय.

मिलिंदने फार अदबीने समजावलं की ही सिस्टिम जिन्यासाठी नाही, या खुर्चीसाठी आहे. आप्पांनी खुर्चीकडे पाहिलं. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

"मग हिनं कुठून ऐकायचं, मिलिंदराव?"

गेली सव्वीस वर्षं हा प्रश्न आमच्या घरात कोणी विचारला नव्हता. मीही नाही. मी पाटीतली करटुली चिरायला घेतली.

त्या बुधवारी मी शाळेतून आले तर आमच्या इमारतीच्या फाटकापाशीच वंदना ऐकू येऊ लागली. स्पष्ट, शब्दन् शब्द. मला वाटलं कुठे तरी कार्यक्रम आहे. वर आले तर कार्यक्रम आमच्याच घरी होता. मिलिंद बाहेर गेल्याचं बघून आप्पांनी दोन्ही स्पीकर स्टँडवरून काढून शोकेसवर चढवले होते आणि त्यांची तोंडं गॅलरीकडे फिरवली होती. मिलिंदच्या त्रिकोणात स्पीकर खुर्चीकडे आणि खुर्चीमागच्या भिंतीकडे बघत होते, आणि आप्पांच्या हिशेबी ती सरळसरळ चूक होती; स्पीकर उंच असावा आणि त्याचं तोंड माणसांकडे असावं, भिंतीला काय ऐकवायचं? त्यांनी आपल्या परीने जोडणीतली चूक दुरुस्त केली होती. सोसायटीच्या ग्रुपवर तिघांनी विचारलं होतं की कार्यक्रम कोणाकडे आहे आणि आम्हाला निरोप कसा नाही. खालच्या मजल्यावरच्या दातारकाकू जिन्यात भेटल्या. आवाज छान होता म्हणाल्या, फक्त ह्यांची दुपारची झोप झाल्यावर लावा.

मला वाटलं आता मिलिंद चिडणार. तो नवऱ्यांच्या त्या जातीतला आहे जी चिडल्यावर जास्त व्यवस्थित वागते. त्याने स्पीकर खाली घेतले, पुसले, स्टँडवर ठेवले, टेप काढला. पण या वेळी मोजताना तो मध्येच उठून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला, पुन्हा आला, एक स्पीकर जरासा बाहेर वळवला, पुन्हा दारात गेला. खडूच्या जुन्या खुणा फडक्याने पुसल्या. संध्याकाळी मी भाकरी थापत होते तेव्हा सतारीची तार माझ्यापर्यंत आली, आणि मी एक भाकरी जाळली.

श्रावणात दुसरं अ‍ॅप आलं, पहिल्याचे अजून दोन-तीन दिवस शिल्लक होते. मिलिंद पहिल्याच गाण्याला खुर्चीत सरसावून बसला. काय फरक आहे, काय भरलेला आवाज आहे, असं म्हणत त्याने माझ्या पानावर आवाजाला दहापैकी नऊ गुण मांडूनही टाकले. आप्पा दारात उभे राहून ऐकत होते.

"हा नुसता मोठ्यानं बोलतोय," ते म्हणाले.

त्यांच्या काळी दुकानदार म्हणे दोन मशीनं शेजारी ठेवून वाजवत आणि जे खपवायचं असेल त्याचं बटण गिऱ्हाइकाच्या नकळत केसभर पुढे करत. माणूस मोठ्या आवाजाला चांगला आवाज समजतो आणि तेच उचलतो. मग आप्पांनी स्वयंपाकघरात उभं राहून हुकूम द्यायला सुरुवात केली: कमी, अजून कमी, हां, आता पहिलं लाव, आता हे लाव. तेच गाणं दोन्ही अ‍ॅपवर आलटूनपालटून दहा वेळा वाजलं. दोन्हींची पातळी सारखी झाल्यावर मिलिंद बराच वेळ ऐकत राहिला, आणि मग त्याने स्वतःच नऊ खोडून सहा केले. माझ्या आखलेल्या पानावर खाडाखोड मला चालत नाही. पण हा सहा मी तसाच राहू दिला.

त्या अ‍ॅपने पुढे आणखी गुण घालवले. एका संध्याकाळी आम्ही तिघं विहारातून भिजून आलो होतो, गॅसवर आल्याचा चहा उकळत होता, आप्पांनी वंदना लावली होती. ती संपली आणि त्या अ‍ॅपने कोणी न सांगता वरातीतलं एक दणदणीत गाणं लावलं. गाणं संपलं की आपल्या मनाने पुढचं लावायचं, अशी त्याला खोड. ती बंद करता येते हे आमची मुलगी रमा हिने नंतर पुण्याहून सांगितलं, पण तोवर निकाल लागला होता. वाचन संपलं की माइक बंद करायचा असतो, असं आप्पा म्हणाले. ऐकलेलं माणसाला जरा घरी नेऊ द्यावं. मी सोयीच्या रकान्यात तीन लिहिले.

भाद्रपदात मधूनच ऊन पडायला लागलं. अशा एका दुपारी मिलिंद बाहेर गेला होता, मला सुट्टी होती, आणि आप्पा गॅलरीत बसून लसूण सोलत होते. इगतपुरीचं आमचं घर वस्तीतलं शेवटचं. त्याच्यापुढे नुसती भातखाचरं. आईला दिवेलागणीच्या वेळी विहारात जायला कधी सवड झाली नाही. ती भाकऱ्या करता करता घरूनच ऐकायची. आप्पा परत आले की हात धुण्याआधी तिला विचारायचे, आज वाचन कुठं थांबलं? ती शेवटचं वाक्य सांगायची. कधी सांगता आलं नाही तर आप्पा काही न बोलता जेवत. लहानपणी मला वाटायचं की ते आईची परीक्षा घेतात, आणि त्यांचा रागही यायचा. तो राग त्या दुपारी मी त्यांना बोलून दाखवला, एवढ्या वर्षांनी.

आप्पांनी लसणाची पाकळी खाली ठेवली. म्हणाले, तिची कशाची परीक्षा? परीक्षा माझी व्हायची. तिला नाय कळलं का दुसऱ्या दिवशी कर्णा फिरवायचा. सगळी वस्ती म्हणायची आप्पाचा आवाज लांब जातो, पण तो बांधलेला असायचा तिच्या अंदाजानं. मग म्हणाले, "आता संध्याकाळचा तिथंच दारात बसतो. ऐकू येतं. पण सांगायचं कुणाला?"

मी उठून आत गेले आणि तांब्याभर पाणी प्यायले. मला त्या दुपारी फार वाईट वाटलं, त्यांच्यासाठी आणि माझ्यासाठीही. इगतपुरीच्या त्या ओलसर घराशी माझं भांडण औषधांचं आणि डॉक्टरांचं आहे असं मी समजत होते. ते घर म्हणजे आईची ऐकायची जागा होती. तिच्याशी मी काय भांडणार?

तिसरं अ‍ॅप आलं तेव्हा पावसाळा सरत आला होता. आवाजात ते आठवणीतल्या पहिल्याहून वेगळं आहे की नाही, यावर मिलिंद आणि आप्पा तीन दिवस दार आणि खुर्ची यांच्यामध्ये येरझारा घालत राहिले आणि शेवटी दोघांनीही सारखेच गुण दिले. निकाल लागला तो भलत्याच गोष्टीवर. एका जुन्या समूहगीतावर आप्पांचं बोट चुकून जरा जास्त वेळ दाबलं गेलं आणि पडद्यावर नावं आली. गाणाऱ्याचं होतंच, पण त्याखाली लिहिणाऱ्याचं, हार्मोनियमवाल्याचं, ढोलकीवाल्याचं, अगदी मागे कोरसात उभ्या असलेल्या चौघांचं. आप्पांनी भिंग आणलं. जयंतीच्या कार्यक्रमात गायन पार्टी आली की माइकवर नावं पुकारायचं काम त्यांच्याकडे असे, आणि ते ढोलकीवाल्याचं नाव कधी गाळत नसत. बाकीच्या दोन अ‍ॅपनी ही नावं दिली नव्हती, किंवा आम्हाला सापडली नाहीत.

"ढोलकीवाल्याचं नाव लिहितं हे," ते मिलिंदला म्हणाले, "हेच घ्या."

घेतलं. आणि घेतल्याच्या दुसऱ्या दिवसापासून घरात नवीनच अडचण सुरू झाली. खातं एकट्या मिलिंदच्या नावाचं. आप्पा सकाळी गॅलरीत आपल्या फोनवर गाणं लावत, की हॉलमधली सतार मध्येच तुटे आणि पडद्यावर येई, हे खातं दुसऱ्या ठिकाणी वाजत आहे. एका वेळी एकालाच ऐकता येत होतं. जावई आणि सासरे दोघेही भिडस्त. मिलिंद म्हणे मामा तुम्ही ऐका, आप्पा म्हणत मिलिंदराव तुमचं होऊ द्या, आणि मग दोघेही थांबत. चार-पाच दिवस आमच्याकडे एवढं सगळं सामान असून घर अगदी गप्प होतं.

उपाय सोपा होता. कुटुंबाचं एकत्र खातं काढायचं, म्हणजे प्रत्येकाला आपल्या नावाने वेगळं ऐकता येतं. मिलिंदने माझं नाव घातलं, रमाचं घातलं. आप्पा भिंग घेऊन अटी वाचत होते. रेल्वेत छापील कागदाच्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय त्यांनी कधी सही केली नाही. अटींमध्ये लिहिलं होतं की कुटुंबातले सगळे सभासद एकाच पत्त्यावर राहणारे असावेत. आप्पांनी विचारलं, रमा तर पुण्यात राहते, मग ती इथं राहते म्हणून कसं लिहायचं? मिलिंद म्हणाला, सगळे लिहितात. लिहीत असतील, आप्पा म्हणाले. रमाचं नाव काढावं लागलं. तिने पुण्याला विद्यार्थ्यांचं वेगळं खातं घेतलं आणि मला फोनवर हसून विचारलं की आजोबांनी मला घराबाहेर काढलं का.

मग त्यांची पाळी आली. मिलिंदने पाठवलेलं निमंत्रण आप्पांच्या फोनवर आलं. आम्ही जेवणाच्या टेबलाशी होतो. त्यांनी ते मोठ्याने वाचलं: तुम्ही या कुटुंबासोबत राहता का? राहत असाल तर पत्ता लिहा आणि 'हो' दाबा. निमंत्रणाची मुदत सात दिवस. आप्पांनी फोन पालथा ठेवला, चष्मा काढला.

"पाच दिवसांनी पौर्णिमा हाय. मग मी काय लिहू?"

मिलिंदने माझ्याकडे पाहिलं. तीन महिने ज्या वाक्याला मी टाळत होते ते वाक्य बोलायची हीच जागा होती. राहा ना आप्पा. तीन शब्द. ते माझ्या तोंडातून निघाले नाहीत. पालकसभेत वापरते त्या आवाजात मी म्हणाले की तुम्हाला योग्य वाटेल ते लिहा, आणि वाटीत आमटी वाढली. ते वाक्य मला पुढचा आठवडाभर टोचत राहिलं.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी ते इगतपुरीला गेले. तिथल्या विहारात वर्षावासाची सांगता असते, त्यांना जायचंच होतं. मिलिंद सोडायला येतो म्हणाला तर नको म्हणाले, सकाळच्या गाडीने गेले. परत कधी येणार हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. त्या दिवशी घरी कोणीच काही वाजवलं नाही. मिलिंद खुर्ची सोडून सोफ्यावर बसून पेपर वाचत होता, तोच पेपर दोनदा.

पौर्णिमेला रात्रीच्या जेवणाआधी फोन आला. कार्यक्रम झाला. नव्या पोरांनी मोठाले काळे बॉक्स आणले होते, आवाज छातीत बसतो पण शब्द कळत नाय, तरी पोरं चांगली हायत. खोकला? बरं हाय. एवढंच. दुसऱ्या दिवशी फोन नाही. मी त्यांच्या खोलीतली चादर बदलली आणि जुनी चादर लगेच धुवायला टाकली नाही. मनाशी कबूल करून टाकलं होतं की ते राहिले तिथेच. चिडायचं नाही, रोज फोन करायचा, पुढच्या आषाढात परत आणायचं, असं ठरवूनही झालं होतं.

निमंत्रणाच्या सातव्या, म्हणजे शेवटच्या दिवशी दुपारी मी सहामाहीचे पेपर तपासत बसले होते. फोन वाजला. आप्पांचा होता. मागे पाऊस नव्हता, कोणाची तरी कोंबडी ओरडत होती. मग म्हणाले, "काल दारात बसलो होतो. वाचन संपलंय, आता काय ऐकू येणार? तुझ्या आईला सांगून टाकलं."

मी विचारलं, काय सांगितलं?

ते त्यांनी मला सांगितलं नाही. म्हणाले, "तो पत्ता सांग. पुरा सांग, पिनकोडसकट. कागद घेतलाय."

मी लाल पेन खाली ठेवलं. फ्लॅटचा नंबर सांगितला, इमारतीचं नाव सांगितलं, गल्ली, इंदिरानगर, नाशिक. मुलांना शुद्धलेखन घालते तितकं सावकाश सांगत होते, तरी पिनकोडचे शेवटचे आकडे मला दोनदा सांगावे लागले. आप्पांनी लिहून घेतलं. मग सगळं मला परत वाचून दाखवलं. सुरुवात त्यांनी स्वतःच्या नावापासून केली, आणि नावाच्या पुढे लगेच आमच्या फ्लॅटचा नंबर.

"बरोबर हाय का?"

"बरोबर आहे, आप्पा."

"मग दाबतो," ते म्हणाले, आणि दाबून होईपर्यंत त्यांनी फोन ठेवला नाही.